बाबांच्या कॅसेटींसाठी एक भिंत

ज्यांच्या घरी वडिलांच्या, सासऱ्यांच्या किंवा मामांच्या कॅसेटी-रेकॉर्डी खोक्यांत पडून आहेत आणि "एकदा त्याचं काहीतरी करायला हवं" हे वाक्य दर दिवाळीला ऐकू येतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्याकडे हे काम फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबरात त्याला बऱ्यापैकी आकार आला.

माझे बाबा चिपळूणला शिक्षक होते. पगार बेताचा, पण ऐकण्याचा शौक दांडगा. आजोबांच्या वेळच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या, मग एलपी म्हणजे विनाइल या प्लॅस्टिकच्या मोठ्या रेकॉर्डी, मग कॅसेटी, मग व्हीएचएस या व्हिडिओ टेपा, शेवटी व्हीसीडी आणि डीव्हीडी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं आणि कपाटाचे खालचे दोन खण बुडाले. त्यांतल्या कॅसेटी चिखलाने भरून गेल्या, त्या जवळजवळ सगळ्या गेल्या. एलपी मात्र वाचल्या, कारण विनाइलला पाण्याचं फारसं काही होत नाही. बाबांनी त्या टबात साध्या पाण्याने धुतल्या, दोरीवर फडकी घालून त्यांच्या आधाराने उभ्या वाळवल्या. कव्हरांचा लगदा झाला होता, म्हणून त्यांनी रेकॉर्डी वर्तमानपत्रात गुंडाळल्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात बाबा गेले. आई वर्षभर तिथे एकटी राहिली आणि मग ठाण्याला यायला तयार झाली, एका अटीवर: "त्यांचं सगळं यायला हवं. भंगारात एकही नाही."

आमच्या फ्लॅटमध्ये अकरा बाय दहाची एक खोली होती. टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच स्पीकर लावून आम्ही तिचं छोटंसं होम थिएटर केलं होतं. आईच्या अटीचा अर्थ असा, की ही खोली आता बाबांच्या संग्रहाचीही होणार.

११ फेब्रुवारीला मी चिपळूणला गेले आणि पहिले तीन दिवस फक्त मोजलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आता वाटतं की सगळ्यांत शहाणपणाचं काम तेच झालं. कॅसेटी ८७०, एलपी ३१०, ईपी म्हणजे लहान रेकॉर्डी ९५, ७८ च्या तबकड्या २२, व्हीएचएस ४१, व्हीसीडी-डीव्हीडी मिळून ४६०. मोजताना मी दोन ढीग करत गेले. विकत आणलेलं एका बाजूला, घरी रेकॉर्ड केलेलं दुसऱ्या बाजूला. विकतच्या कॅसेटची दुसरी प्रत कुठेतरी असण्याची शक्यता असते. घरच्या कॅसेटची नसते. आमच्याकडे घरच्या १५८ निघाल्या: आकाशवाणी रत्नागिरीवरून टेप केलेली गाणी, गावच्या देवळातली कीर्तनं, माझ्या मुंजीच्या वयाच्या भावाचे श्लोक, आणि बाबांच्या हस्ताक्षरात "इतर" असं लिहिलेल्या अकरा.

या मोजणीत माझी एक चूकही उघडी पडली. बाबा गेल्यानंतर कसर लागू नये म्हणून मीच खोक्यांत डांबरगोळ्या टाकल्या होत्या. कॅसेटच्या पारदर्शक डब्या पॉलिस्टायरिनच्या असतात आणि डांबरगोळीच्या वाफेने ते प्लॅस्टिक मऊ पडतं. पंचवीसएक डब्या एकमेकींना चिकटल्या होत्या, काही धुरकट झाल्या होत्या. आतल्या फिती वाचल्या, पण खूप वाईट वाटलं. डांबरगोळ्या कपड्यांसाठी ठीक, फितींजवळ आणि डिस्कजवळ त्या ठेवू नका.

१६ मार्चला टेम्पो केला, ११,५०० रुपये. कॅसेटींना हापूसची कोरी पुठ्ठ्याची खोकी वापरली. त्या दिवसांत चिपळुणात ती सहज मिळतात आणि मापाला छान बसतात. वापरलेली खोकी घेऊ नका, पेंढ्याबरोबर किडे येतात. एलपी उभ्याच भरायच्या, आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. एका खोक्यात चाळीसपेक्षा जास्त नको, कारण शंभर एलपींचं वजन वीस-पंचवीस किलो भरतं. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात, काचेसारख्या फुटतात. त्या बावीस मी सुती साडीच्या घड्यांत घालून मांडीवर घेऊन आले.

आता सोसायटी. भिंतीला धरून मोठं कपाट करायचं, ड्रिल चालणार, म्हणून ना हरकत पत्र लागतं. १८ मार्चला अर्ज दिला: कामाचं वर्णन, हाताने काढलेला नकाशा, सुताराचं नाव आणि कारागिरांच्या आधारच्या प्रती. कमिटीची बैठक ७ एप्रिलला होती, तोवर थांबणं आलं. बैठकीत मला बोलावलं. सेक्रेटरींनी वजन किती होणार असं विचारलं आणि माझ्याकडे आकडा होता! सामान सुमारे २१० किलो, कपाट १२० किलो, मिळून सव्वातीनशेच्या आसपास. ते म्हणाले, "मग स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र आणा." त्या क्षणी मला राग आला होता. घरी आल्यावर तो उतरला, कारण प्रश्न रास्त होता.

इंजिनियर १३ तारखेला आले. त्यांनी समजावलं ते सोप्या शब्दांत असं: राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून आखतात. आमची खोली दहा चौरस मीटरची, त्यामुळे एकूण वजनाची काळजी नाही. पण सगळा भार स्लॅबच्या मधोमध एका पट्ट्यावर येऊ नये. त्यांनी कपाट ज्या भिंतीखाली बीम आहे तिथे घ्यायला सांगितलं आणि एका अखंड कपाटाऐवजी चार-चार फुटांची दोन करायला सुचवलं. पत्राचे ३,५०० रुपये. २२ एप्रिलला ना हरकत पत्र हातात पडलं. परत मिळणारी अनामत १०,०००, राडारोड्याचे २,००० आणि वेळ सकाळी दहा ते एक, दुपारी तीन ते सहा. अर्ज करतानाच वजनाचा अंदाज आणि इंजिनियरचं पत्र जोडलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

दरम्यान भिंतीचा प्रश्न होता. मला कपाट खिडकीशेजारच्या भिंतीला हवं होतं, ती जागा टीव्हीच्या समोर येत नाही म्हणून. पण ती बाहेरची, पश्चिमेची भिंत. शेजारच्या आजोबांनी एक जुनी युक्ती सांगितली: फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन दिवसांनी काढून बघा. एप्रिलच्या कडक उन्हातसुद्धा आतून बारीक दव धरलं होतं. म्हणजे भिंतीत ओल होती, पोपडे धरायच्या आधीची, डोळ्यांना न दिसणारी. पावसाळ्यात तिथे काय झालं असतं याची कल्पनाच नको. आतल्या भिंतीवर तेच केलं, ती कोरडी ठणठणीत. बीमही तिथेच. कपाट तिकडे गेलं आणि टीव्ही-स्पीकरची मांडणी त्यानुसार फिरवली. खोलीची रचना पडद्यापासून सुरू होते असं मी धरून चालले होते. आमच्या हवामानात ती कोरड्या भिंतीपासून सुरू करायला हवी.

काम २ मेला सुरू झालं. सुतार अनुभवी होते, पण पहिल्याच दिवशी अडलं. त्यांच्या हिशेबात कपाट म्हणजे अठरा इंच खोल. अठरा इंच खोल खणात कॅसेटी ठेवल्या की एकीमागे एक अशा सहा रांगा लागतात आणि मागची कॅसेट पुन्हा कधी हाताला लागत नाही. चिपळूणला तेच झालं होतं. मी एक कॅसेट, एक डीव्हीडी, एक व्हीएचएस आणि एक एलपी त्यांच्यासमोर ठेवली आणि टेप लावून मापं घेतली. कॅसेटची डबी उभी ठेवली तर उंची ११ सेंटिमीटर, खोली ७, जाडी पावणेदोनच्या आत. डीव्हीडीची डबी १९ उंच, साडेतेरा खोल. एलपीचं कव्हर साडेएकतीस चौरस. शेवटी असं ठरलं: तळाचा खण चौदा इंच खोल, एलपी, तबकड्या आणि व्हीएचएससाठी. वरचे सगळे खण फक्त सहा इंच खोल. कॅसेटींच्या खणात मागे लाकडी पट्टी, म्हणजे कॅसेट आत ढकलली जात नाही, पाठीवरचं नाव ओळीत दिसतं. कॅसेटींचे सात खण, डीव्हीडींचे तीन. सुतार म्हणाले, "मॅडम, इतका उथळ कपाट मी पहिल्यांदा करतोय." काम झाल्यावर मात्र त्यांनीच त्याचे फोटो काढून नेले.

प्लाय १८ मिलिमीटरचा, आयएस ७१० शिक्क्याचा, ज्याला दुकानात मरीन म्हणतात. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण दमट हवेत फुगतो आणि एलपींच्या वजनाने फळी झुकते. एलपीच्या खणात दर फुटाला एक उभी फळी घातली, म्हणजे रेकॉर्डी कलंडत नाहीत. तळाला सहा इंचांचा चौथरा. आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत, पुराची भीती नाही, पण एसीची नळी तुंबते, लादी पुसताना पाणी जातं. आईने तर सहा इंचही कमीच म्हटले होते. तिच्या डोळ्यांसमोर २०२१ होतं, मी वाद घातला नाही, पण सहावरच थांबलो. कपाटाच्या मागे दीड इंच फट आणि चौथऱ्याला-पाठीला भोकं, हवा खेळावी म्हणून. दारं काचेची नाहीत, अखंड. काचेतून बाबांची हस्ताक्षरं दिसली असती, मोह खूप झाला, पण संध्याकाळचं ऊन तिरकं आत येतं आणि कव्हरांचे रंग उडतात.

२० मेला ठाण्यात लोकसभेचं मतदान, त्यामुळे काम बंद. आधी-नंतर दोघे कारागीर गावी गेले. २९ मेला काम संपलं. खर्च: प्लाय आणि सनमायका ३१,०००, मजुरी २६,०००, बिजागऱ्या-कुलपं वगैरे ५,५००. मी दारं उघडी ठेवून कपाट अठरा दिवस रिकामं ठेवलं. नव्या प्लायचा आणि गोंदाचा वास डोळ्यांना झोंबतो, तोवर काही भरू नये असं माझं मत आहे. मार्चपासून सगळी खोकी आमच्या बेडरूममध्ये होती. तीन महिने आम्ही खोक्यांच्या वळचणीला झोपलो. नवऱ्याने एका शब्दाने कुरकुर केली नाही, हे इथे लिहून ठेवायलाच हवं.

१६ जूनला भरायला घेतलं. वर्तमानपत्रातल्या एलपी आधी सोडवल्या. काही ठिकाणी कागद चिकटला होता. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरचं फडकं, खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. एक सूचना काळजापासून देते: ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नका. लाख त्यात विरघळते. त्या फक्त कोरड्या मऊ ब्रशने किंवा जेमतेम ओल्या फडक्याने. नव्या आतल्या पिशव्या आणि बाहेरची प्लॅस्टिक कव्हरं मिळून साडेआठ हजार लागले. कव्हर नसलेल्या एलपींसाठी साधी पांढरी पुठ्ठ्याची कव्हरं घेतली आणि त्यांवर आईने बोरूसारख्या पेनाने नावं लिहिली. लेबल वाचायचं काम माझं, लिहायचं तिचं. आमच्या सगळ्यांत शांत दुपारी त्या.

यादी एक्सेलमध्ये. प्रत्येक वस्तूला क्रमांक, कॅसेटीला क-१ पासून, एलपीला ल-१ पासून. क्रमांकाची चिठ्ठी मूळ कव्हरवर नाही, बाहेरच्या पिशवीवर. एलपीची ओळख पटवायला एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचा क्रमांक फार उपयोगी पडतो, ईसीएलपी वगैरे अक्षरांनी सुरू होणारा. जुन्या एलपींवर बारकोड नसतो, तेव्हा तोच आधार. रचना अकारविल्हे करावी असं माझ्या मनात होतं. आई म्हणाली, "मला अकारविल्हे नको. मला सकाळचं कुठे, रात्रीचं कुठे ते कळू दे." तशीच केली. डोळ्यांच्या उंचीवर अभंग आणि सकाळचे राग, त्याखाली नाटकं, वर सिनेमा. क्रमांक यादीत आहेतच, शोधायला अडत नाही.

मग पाऊस लागला आणि खरी परीक्षा आली. चारशे रुपयांचा आर्द्रतामापक कपाटात ठेवला होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आकडा ७८ टक्के! पासष्टच्या वर सतत राहिलं की बुरशी धरते. फितींना तीस ते पन्नासच्या मधली हवा मानवते. एसी ड्राय मोडवर दिवसातून चार तास लावला की खोली ५८ पर्यंत यायची, वीजबिल महिन्याला नऊशेने वाढलं. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, चौदा हजारांचा होता, तो त्या वर्षी नाही घेतला. त्याऐवजी घरच्या १५८ कॅसेटी आणि घरच्या व्हीएचएस रबरी कड असलेल्या हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यांत घातल्या, आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. डब्यातला आकडा दोन दिवसांत ४२ वर आला. जेल नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात नको. नारिंगी खडे ओलावा ओढून हिरवट झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासदोन तास भाजायचे, पुन्हा कामाला येतात. खाण्याच्या ओव्हनमध्ये मात्र नाही. मी एक जुना, बाजूला काढलेला वापरला.

थिएटरमधल्या दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. स्पीकरमध्ये चुंबक असतं, म्हणून डावा स्पीकर कपाटापासून दोन फूट सरकवला. आणि रेकॉर्ड प्लेअर आधी सबवूफरशेजारच्या (खालच्या, घनगंभीर आवाजाच्या स्पीकरशेजारच्या) टेबलावर होता, आवाज वाढवला की घुमायला लागायचा. त्याला भिंतीत ठोकलेली स्वतंत्र फळी दिली, घुमणं थांबलं.

राहिलं डिजिटल प्रती करणं. बाबांच्या कॅसेट डेकचे रबरी पट्टे विरघळून डांबरासारखे झाले होते. लॅमिंग्टन रोडवर एका जुन्या दुरुस्ती करणाऱ्यांनी १,८०० रुपयांत पट्टे आणि दाबाचं चाक बदलून दिलं. "हेड दर दहा कॅसेटींनंतर पुसा," असं त्यांनी तीनदा सांगितलं; हेड म्हणजे फीत वाचणारा भाग. कॅसेट लावण्याआधी टॉर्च धरून फितीच्या कडेला पांढरी भुरी, म्हणजे बुरशी, आहे का बघायचं. असेल तर ती लावायची नाही, बाजूला काढायची. हे मी व्हीएचएसच्या बाबतीत पाळलं नाही. उत्साहात भावाच्या लग्नाची टेप घातली, बुरशी व्हीसीआरच्या (व्हीएचएस लावायच्या यंत्राच्या) हेडवर बसली आणि पुढची टेपही खराब दिसू लागली. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ साली थांबली. त्यामुळे आहे ते यंत्र जपणं एवढंच हातात उरतं. नंतर घरच्या १९ व्हीएचएस एका स्टुडिओला दिल्या, प्रत्येकी ४५० रुपये, पाच आठवडे लागले. बुरशी लागलेल्या तीन त्यांनी उघडून, हाताने पुसून दिल्या. लग्नाची त्यांत होती.

कॅसेटी मी घरीच करते. डेकपासून तीन हजारांच्या यूएसबी इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात घेणाऱ्या डबीत), तिथून लॅपटॉपवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट अशा उच्च दर्जात तासाला दोन जीबी होतात. आवाज बसका वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवून बघायचा, ऐंशीतल्या टेपरेकॉर्डरवर केलेल्या कॅसेटी त्याने कधीकधी एकदम मोकळ्या होतात. फीत दाबणारी छोटी गादी गळून पडलेली असेल तर कोऱ्या कॅसेटचं कवच घेऊन त्यात फीत बसवायची. पाच स्क्रूवाली कॅसेट उघडणं सोपं, चिकटवलेली असेल तर धारदार पातं आणि भरपूर धीर. प्रती दोन हार्ड डिस्कवर, एक इथे, एक भावाकडे नाशिकला.

१४ ऑगस्टला सोसायटीच्या अनामतीचा चेक मिळाला. त्यासाठी काम पूर्ण झाल्याचं पत्र आणि जिन्याच्या भिंतीला धक्का लागला नसल्याचे फोटो द्यावे लागले. काम सुरू होण्याआधीचे फोटो मी काढून ठेवले होते, ते उपयोगी पडले.

गणपतीनंतर "इतर"मधली क-४१७ लावली. सुरुवातीला बाबांचं "हॅलो, हॅलो, चालू आहे का ग?" मग दिवे गेल्याची कुणाची तरी ओरड, आणि अंधारात आजी गोष्ट सांगते आहे. माझ्या मते १९८६ चा पावसाळा असणार, कारण मध्येच मी चार वर्षांची "मग काय झालं" विचारते. कौलांवरचा पाऊस शेवटपर्यंत ऐकू येतो. चाळीस मिनिटं आई हलली नाही. बाजू संपली आणि यंत्र खटकन बंद झालं, तेव्हा ती म्हणाली, "दुसरी बाजू उद्या लाव."

पाडव्याला, २ नोव्हेंबरला, भाऊ-वहिनी आले तेव्हा १५८ पैकी ११५ कॅसेटी झाल्या होत्या. उरलेल्या ४३ डब्यांत आहेत. रोज सकाळी चहाच्या वेळी एक बाजू, असा क्रम आईने लावून दिला आहे.